पोशिंदा अज्ञात

१

मी गर्विष्ठ आहे असं संग्रहालयात सगळे म्हणतात. पाठीमागेच म्हणतात, पण आमच्या इमारतीची छतं इतकी उंच आहेत की खालच्या मजल्यावरची कुजबुज जिन्याने चढत थेट माझ्या खोलीत येते. त्यांचं काही खोटं नाही. तिळाएवढी माशी पंखातल्या शिरा बघून ओळखणारी माणसं जगात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत आणि त्यातलं एक बोट मी आहे. मग मान खाली घालून का चालू?

माझं काम गांधीलमाश्यांचं. पोळं बांधून डंख मारणाऱ्या दांडगट माश्या नव्हेत, त्यांना कुणीही ओळखतं. माझ्या माश्या चिमुकल्या असतात आणि दुसऱ्या किड्याच्या अंगात अंडी घालतात. अंड्यातून निघालेल्या अळ्या त्या किड्याला आतून खात वाढतात, मोठ्या झाल्या की त्याची कातडी फाडून बाहेर येतात आणि स्वतःभोवती पांढरे कोश विणतात. ज्या बिचाऱ्याच्या जिवावर हे सगळं चालतं त्याला आम्ही पोशिंदा म्हणतो. बहुतेक वेळा तो सुरवंट असतो.

नवी जाती शोधणं ही आमच्यात फार मोठी गोष्ट नाही. जाती म्हणजे एक घर. प्रजाती म्हणजे अख्खं घराणं, आणि नवं घराणं एखाद्याला जन्मात एकदा सापडलं तर सापडतं. मला सापडलं. कुठल्या जंगलात नाही, डोंगरावर नाही, तर माझ्याच खोलीच्या खिडकीत. तावदानाच्या खाली मरून पडलेल्या माश्या मी वर्षानुवर्षं ब्रशने गोळा करत आले आणि एके दिवशी लक्षात आलं की यांच्या पुढच्या पंखातली एक आडवी शीर मुळात नाहीच. या माश्या दुसरीकडे कुठे कुणालाच मिळालेल्या नाहीत. फक्त या खोलीत. मला त्याचा कोण अभिमान वाटायचा.

अडचण एकच होती. या विषयातला शेवटचा शब्द भिंगवाल्यांचा. खरं नाव काही का असेना, आम्ही सगळे त्यांना भिंगवालेच म्हणतो, कारण दोरीला बांधलेलं भिंग ते जेवतानाही गळ्यातून काढत नाहीत. ते दुसऱ्या संग्रहालयात आहेत, माझ्याच वयाचे आहेत, आणि माझा लेख त्यांनी दोनदा परत पाठवला होता.

"अहो बाई, शेजाऱ्याला टक्कल पडलं म्हणून त्याचं आडनाव बदलतं का?" ते फोनवर म्हणाले. "एक शीर नाही, एवढ्यावर नवी प्रजाती? यांचा पोशिंदा कोण ते दाखवा. यांचं खाणं नातलगांपेक्षा वेगळं आहे हे सिद्ध करा. मी उभा राहून टाळ्या वाजवीन."

खिडकीच्या फटीत मला एक जुना रिकामा कोश मिळाला होता. त्यात अळीने टाकलेली कात होती आणि कातीवर तिचे जबडे शाबूत होते. नातलगांचे जबडे आकड्यासारखे असतात, हिचे कात्रीसारखे. म्हणून मी लेखात लिहिलं की ही अळी पोशिंद्याची कातडी फाडत नसावी, गोल कापत असावी, आणि कडा स्वच्छ राहत असाव्यात. त्या वाक्याशेजारी भिंगवाल्यांनी लाल शाईने एकच शब्द लिहिला होता. कविता.

माझ्या खणातल्या प्रत्येक टाचणीखाली त्यामुळे एकच चिठ्ठी होती. पोशिंदा अज्ञात.

२

सकाळी खोलीत आले की मी बाहेरचा कोट काढते, दारामागच्या खुंटीवरचा पांढरा एप्रन घालते, दिवा लावते, सूक्ष्मदर्शकाची काच पुसते. तीस वर्षांत हा क्रम बदललेला नाही. त्या सकाळी एप्रन घालताना मानेला काहीतरी खरखरीत लागलं. धोब्याने इस्त्री करताना कॉलरला काही चिकटवलं असेल असं वाटून मी एप्रन उतरवला आणि कॉलर उलटी केली.

आतल्या बाजूला कोश होते. पांढरे, तांदळाच्या कणीएवढे, एकाला एक लावून विणलेले.

मला ओरडावंसं वाटलं. आनंदाने. ज्यासाठी मी खिडक्या झाडल्या, बागेतली पानं उलटीपालटी केली, ते माझ्या कॉलरला येऊन चिकटलं होतं! मी कोश चिमट्याने अलगद सोडवले, काचेच्या डिशमध्ये ठेवले आणि डिश खिडकीजवळच्या कपाटाच्या खणात ठेवली. मग पोशिंद्याचा शोध घेतला. असा गुच्छ कुठेही सापडला की शेजारी रिकामा झालेला सुरवंट असतोच, निदान त्याची सुरकुतलेली कातडी तरी. मी एप्रन झटकला, खिसे उलटे केले, खुंटीखालची फरशी गुडघ्यांवर बसून पाहिली.

काहीच नव्हतं. पडला असेल कुठे, सफाईवाल्यांनी झाडून नेला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कॉलरवर मात्र कोश जिथे होते तिथे फिकट पिवळसर डाग पडला होता.

३

महिन्यातून एकदा आमच्याकडे पाहुण्यांना संग्रहालय दाखवतात आणि कीटकांचं दालन माझ्याकडे असतं. लोक फुलपाखरांसाठी येतात, पण निघताना माझ्या सुरवंटाबद्दल बोलत निघतात. ते माझं कौशल्य. काचेच्या पेटीत एक सुरवंट आहे, पांढऱ्या कोशांवर कमान करून बसलेला.

"हा पहारा देतोय," मी सांगते. "या कोशांतल्या अळ्या याच्याच अंगातून निघाल्या आहेत. तरी हा पळून जात नाही. खाणं सोडतो, जागा सोडत नाही. कोशांच्या जवळ कुणी आलं की मान अशी जोरात झटकतो, डावीकडे, उजवीकडे, आणि येणाऱ्याला हाकलून लावतो. कोशातून माश्या उडून गेल्या की मग मरतो."

या वेळी पाहुण्यांत एक पोक्त बाई होत्या. बाकीचे पुढे गेले तरी त्या पेटीपाशीच थांबल्या.

"त्याला कळत नाही का हो," त्यांनी विचारलं, "की ही आपली पोरं नव्हेत?"

"नाही कळत," मी म्हणाले. "त्याच्या डोक्यात तेवढी जागाच नसते."

"पण बसलाय किती ऐटीत," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. माणसं किड्यांच्या चेहऱ्यावर काय काय वाचतात! दालनाची बत्ती मालवून वर आले आणि आधी खण उघडून डिश पाहिली. ती सकाळपासून कितव्यांदा पाहत होते कोण जाणे.

४

आमचे हे दंतवैद्य आहेत. दवाखाना संग्रहालयाच्या मागच्या रस्त्यावर. संध्याकाळी दवाखाना बंद करून गाडी आमच्या फाटकाशी आणायची, दोनदा हॉर्न वाजवायचा आणि मी खाली येईपर्यंत स्टिअरिंगवर तबला वाजवत बसायचं, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. कधी तासभर लावला तरी कुरकुर नाही. मैत्रिणी म्हणतात, नशीब काढलंस. काढलंच आहे.

त्या आठवड्यात मी त्यांना फार ताटकळत ठेवलं. खोलीचं दार लावून निघायचं म्हटलं की पाय जड व्हायचे. डिशला एकटं कसं टाकायचं, असं वाटायचं. कोश आहेत, कुणी उचलून नेणार आहे का? पण वाटायचं.

"बाईसाहेब," हे जेवताना म्हणाले, "ताटाशी भांडण झालंय का?"

"भूक नाही."

"कालही नव्हती. परवाही नव्हती. माश्यांचं पोट भरलं की तुझंही भरतं, असं काहीतरी झालेलं दिसतंय."

मी हसले. मोठं काम हाती असलं की माणसाला तहानभूक राहत नाही, हे मी त्यांना ऐकवलंसुद्धा. घास तोंडात घेतला तर तो नुसता फिरत राहिला. शेवटी रुमालात टाकून दिला, त्यांना कळू न देता. अंगात मात्र थकवा नव्हता. उलट इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, आतून मोकळं मोकळं.

५

मी दोन हॉर्नना उतरले नाही, तेव्हा हे स्वतः वर आले. यांना खोलीत येऊन बरीच वर्षं झाली होती. मी टेबलावर डिश घेऊन बसले होते.

"हीच का ती सवत?" त्यांनी हसत विचारलं आणि नीट बघता यावं म्हणून डिश पुढे ओढायला बोट लावलं.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. यांनी हात चटकन मागे घेतला आणि त्यांचा चेहरा उतरला. समोरच्या कपाटाच्या काचेत मला एक बाई दिसली. ती जोरजोरात मान झटकत होती, डावीकडे, उजवीकडे, केस सुटून तोंडावर येईपर्यंत. तिने पांढरा एप्रन घातला होता. मला तिची कीव आली. मग ती थांबली आणि माझ्या मानेत कळ गेली.

"हे काय होतं?" यांनी अगदी हळू विचारलं.

"मान आखडलीय," मी म्हणाले. "दिवसभर वाकून काम. तुम्हाला काय सांगायचं, तुमचंही तेच."

"माझी आखडते तेव्हा मला वळवता येत नाही. अशी झटकता तर मुळीच येत नाही."

मी डिश खणात ठेवली, खणाला कुलूप घातलं, आणि किल्ली पर्समध्ये न टाकता मुठीत धरून घरी गेले.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी मला आधी दवाखान्यात नेलं आणि रोग्याच्या खुर्चीत बसवलं.

"आ करू नको. मान पुढे कर. आखडलेली मान बघू दे."

डोक्यावरचा दिवा त्यांनी खाली ओढला. दात कोरायला लावतात तो भिंगाचा चष्मा लावला. माझे केस बाजूला केले. यांना काम करताना गुणगुणायची सवय आहे, रोग्यांना धीर येतो म्हणतात. गुणगुणणं मध्येच बंद पडलं.

"दुखतं इथे?"

"कुठे?"

"आत्ता मी दाबतोय तिथे."

"दाबताय का?" मला काहीच जाणवत नव्हतं.

नळाचं पाणी थेंब थेंब बेसिनमध्ये पडत होतं.

"काहीतरी चावलं असेल," मीच म्हणाले. "नाहीतर कॉलरची खळ लागली असेल. धोबी हल्ली फार खळ घालतो."

"मी जन्मभर भोकं पाडत आलोय," हे म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "बाहेरून आत गेलेलं भोक मला कळतं, आणि आतून बाहेर आलेलंही कळतं. आज दुपारी त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं. त्यांना फोन करतो. नाही म्हणायचं नाही."

"आज भिंगवाले येणार आहेत," मी म्हणाले. "कोश बघायला. ते गेले की लगेच निघू."

"ते गेले की लगेच," यांनी बजावलं आणि माझे केस पुन्हा नीट मागे सारले.

७

खोलीत येऊन मी दार आतून लावून घेतलं. मी शास्त्रज्ञ आहे, घाबरून पळणाऱ्यांतली नाही. काय काय असू शकतं ते पाहिलं. ढेकूण म्हणावं तर ढेकूण असे चावत नाहीत. गळू म्हणावं तर गळू दुखतं. यांची नजर वयाने कमी झाली असेल म्हणावं तर कालच त्यांनी कुणाची तरी केसाएवढी भेग शोधून काढली होती. आणि माझ्या माश्यांच्या साऱ्या खानदानात कुणी माणसाच्या वाटेला गेलेलं नाही, हे मी शंभर वेळा पाहुण्यांना सांगितलेलं आहे.

दोन आरसे घेऊन मान बघायचा प्रयत्न केला. नुसती सावली दिसते. जगातली कुठलीही माशी मी भिंगाखाली धरू शकते, पण स्वतःची मान नाही. मग मी पंख उलगडायची बारीक सुई घेतली, हात मागे नेला आणि चाचपत टोक ठेवलं. टोक खाली उतरलं. मी थांबले नाही, म्हणून ते आणखी उतरलं. कुठे टोचलं नाही, कुठे अडलं नाही. बोटांच्या चिमटीत सुईची फक्त मूठ उरली तेव्हा मी ती बाहेर काढली. ती कोरडी होती.

मी खुर्चीवर बसले. भीती होतीच. पण लाज न बाळगता सांगते, भीतीच्याही आधी आला तो आनंद. माझ्या प्रजातीचा पोशिंदा सुरवंट नाही. बाकी साऱ्या नातलगांहून वेगळा आहे. इतका वेगळा की भिंगवाल्यांना तोंड उघडायला जागा उरणार नाही. ही माशी या खोलीबाहेर कुठे मिळत नाही, आणि तीस वर्षं या खोलीत दुसरं कोण बसत होतं?

पुढे काय होतं ते मला पाठ आहे. महिन्यातून एकदा मीच सांगते. उठावं, खाली जावं, यांना फोन करावा, हे सगळं डोक्यात स्पष्ट होतं. मी उठले. पण दाराकडे न जाता खणाकडे गेले, डिश काढली आणि समोर घेऊन बसले.

८

भिंगवाले दुपारी आले. जिना चढून दमले होते. कपाळ पुसत त्यांनी खोलीभर नजर फिरवली, कपाटं, दिवा, खिडकी.

"बाई, तुम्ही फार वाळलात," ते म्हणाले. "बरं, दाखवा. कोश तर कोश. पण फोनवर सांगितलं तेच पुन्हा सांगतो, पोशिंदा नसेल तर माझं मत बदलणार नाही."

त्यांनी डिशकडे हात पुढे केला. या वेळी मला ते आधीच कळलं. मानेतून लाट आल्यासारखं झालं आणि मी ती अडवली नाही. भिंगवाले खुर्चीसकट मागे सरकले.

"हात लावू नका," मी म्हणाले. "पोशिंदा हवाय ना? पोशिंदा बघा."

मी अंबाडा वर घेतला, कॉलर खाली ओढली, टेबलावर वाकले आणि दिवा मानेवर वळवला.

आधी ते उठलेच नाहीत. मग खुर्ची करकरली. दोरीचं भिंग त्यांच्या सदऱ्याच्या बटणावर आपटलं. त्यांचा श्वास मला मानेवर जाणवला नाही, पण ऐकू येत होता, आणि ऐकता ऐकता तो थांबला.

"कडा कशा आहेत?" मी विचारलं.

मी त्यांना ओळखते. त्यांच्या हातात भिंग दिलं आणि समोर नमुना ठेवला की जे दिसतं ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नाही. आम्ही सगळे असेच.

"गोल," ते म्हणाले.

"फाटल्या आहेत?"

"नाही. कापलेल्या आहेत. स्वच्छ." मग थोडं थांबून, "बाई."

"काय?"

"सगळी भोकं रिकामी नाहीत. हे एक, कानाच्या खालचं, यातून आत्ता..."

खुर्ची पडली. मी वळून पाहिलं तेव्हा ते दाराशी पोचले होते, पाठ दाराला टेकलेली, भिंग छातीवर हलत होतं. चेहरा पांढराफटक.

"कविता?" मी विचारलं.

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "नवी आहे," ते म्हणाले. "प्रजाती नवी आहे. तुमचं बरोबर आहे."

ते जिन्यावरून धावत उतरल्याचं ऐकू आलं. आमच्या इमारतीत सगळंच ऐकू येतं.

मी ताठ बसले. आयुष्यात इतकी ताठ मी कधी बसले नव्हते. टाचण्यांखालच्या चिठ्ठ्या बदलायला हव्या होत्या, पण त्यासाठी डिशपासून हात काढावा लागला असता. तेवढ्यात डिशमध्ये आवाज सुरू झाला. अगदी बारीक, नखं कापायच्या कात्रीने कुणी जाड कागद गोल कापतंय असा. एका कोशाची टोपी हलली.

त्या पोक्त बाई पुन्हा भेटल्या तर माझं उत्तर मी बदलीन. त्याला कळतं, बाई. सगळं कळतं. आतून खाल्ल्याचं कळतं, पोरं आपली नाहीत हे कळतं. पण त्यांच्यावर कुणाची सावली पडलेली सोसत नाही.

खाली फाटकाशी दोनदा हॉर्न वाजला. नंतर पुन्हा दोनदा. मग गाडीचं दार आपटलं आणि जिन्यावर पावलं वाजली. ती यांचीच होती, मला लाखांत ओळखू येतील अशी, आणि आज ती धावत येत होती. हे मला हाकही मारत होते, माझ्या घरातल्या लाडक्या नावाने.

मी दोन्ही हातांनी डिश जवळ ओढली, तिच्यावर कमान करून वाकले, आणि दार उघडताच मान झटकली.